बाबांना सत्तरीत बसवताना

माणसाचं वय वाढवण्याचं काम निसर्ग फुकट आणि वेळेवर करतो. त्यात बाहेरच्या माणसाने हात घालायचं काही कारण नसतं. तरीही गेल्या हंगामात, धानाची कापणी चालू असताना, मी माझ्या वडिलांना पाच वर्षांनी म्हातारं करायला घेतलं. काम साधं होतं. बाबा खरोखरच त्र्याहत्तर वर्षांचे होते. फक्त ते सरकारला माहीत नव्हतं.

सुरुवात धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर झाली. बाबा म्हणजे सोमाजी निमगडे, सेवानिवृत्त वनरक्षक. चामोर्शीच्या अलीकडे आमचं गाव आहे, तिथे ते आणि आई राहतात. एका रविवारी मी गडचिरोलीहून गेलो होतो आणि आम्ही धानाच्या बांधीकडून घरी येत होतो. चालता चालता बाबा धुऱ्यावर बसले. मी विचारलं तर म्हणाले गॅस आहे. आमच्या घराण्यात टाळूपासून तळव्यापर्यंत कुठेही काही झालं तर तो गॅस असतो. आमच्या आजोबांचा पाय मोडला तेव्हाही पहिले दोन दिवस तो गॅसच होता असं सांगतात. पण बाबांच्या कपाळावर घाम होता आणि हवेत गारवा होता, म्हणून मी त्यांना दुसऱ्या दिवशी गडचिरोलीला आणलं.

डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी मला आवडेल त्यापेक्षा जास्त वेळ वाचली. मग गोळ्या दिल्या आणि सांगितलं की महिनाभरात चंद्रपूरला किंवा नागपूरला नेऊन अँजिओग्राफी करून घ्या, बहुतेक स्टेंट टाकावा लागेल. स्टेंट म्हणजे काय ते त्यांनी कागदावर काढून दाखवलं. बाबांनी चित्र बघून विचारलं, म्हणजे रस्त्याखालून पाणी जाण्यासाठी नालीत पाईप टाकतात तसं का. डॉक्टर म्हणाले तसंच. बाबांना एकदम समाधान वाटलं. जंगलातल्या रस्त्यांवर त्यांनी असे पुष्कळ पाईप टाकून घेतले होते आणि त्यातले बरेच अजून टिकून होते.

मला मात्र खर्चाची काळजी लागली. मी एका विनाअनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. नागरिक आणि शासन यांचे संबंध या विषयावर मी सलग पाऊण तास बोलू शकतो, पण दवाखान्याच्या बिलाशी त्या पाऊण तासाचा काही संबंध नसतो.

कॉलनीत बातमी पसरायला संध्याकाळ पुरली. लसूण, आलं, लिंबू आणि सफरचंदाचा शिरका यांचा काढा किती गुणकारी आहे हे सांगायला तीन घरची माणसं येऊन गेली, आणि तिघांच्याही ओळखीचा एकेक माणूस तो काढा पिऊन ऑपरेशनच्या टेबलावरून उठून घरी आला होता. माझी बायको रश्मी हिने तो काढा केला. बाबांनी एक कप प्यायला आणि म्हणाले की आता मात्र खरोखरच गॅस झाला.

चौथे आले धनराजभाऊ. हे आमचे शेजारी. सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत आयुष्य काढलेला माणूस. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी त्यांच्या बोलण्यात अजून 'सदर' आणि 'उपरोक्त' येतात. ते काढ्याबद्दल काही बोलले नाहीत. त्यांनी विचारलं, रेशनकार्ड कोणतं. मी म्हणालो, बाबांना पेन्शन आहे, त्यामुळे पांढरं. त्यांनी मान हलवली. राज्याच्या योजनेत पांढऱ्याला काही नसते, थे पिवळ्या-केशरीवाल्यांचं काम आहे, असं त्यांनी सांगितलं. पण लगेच त्यांनी उपायही दिला. सत्तर वर्षांवरच्या सगळ्यांना आता केंद्राचं आयुष्मान कार्ड मिळतं. गरीब असो, पेन्शनर असो, बंगलेवाला असो. फक्त आधारवर सत्तर पाहिजे. एका थंबचं काम.

मी बाबांना ही योजना नीट समजावून सांगितली, कारण शिकवायची संधी मी सोडत नाही. दवाखाना आपल्याकडून पैसे घेत नाही, तो बिल योजनेकडे पाठवतो, योजना सरकारच्या तिजोरीतून ते देते, आणि तिजोरी सगळ्यांच्या करातून भरते. माचिस घेणाऱ्याच्यासुद्धा.

"म्हणजे माह्या बिमारीचे पैसे मुखरू बी देते?" बाबांनी विचारलं.

मी म्हणालो, तसं म्हणायला हरकत नाही. ही कल्पना बाबांना आवडली की नाही ते कळलं नाही.

मुखरूकाका आमचे गावातले शेजारी. दोन घरांच्या मध्ये एक कुंपण आहे आणि त्या कुंपणावरून जन्मभर भाजी, निखारे आणि टोमणे यांची देवाणघेवाण चालत आलेली आहे. काका शेतकरी, शाळेत कधी गेले नाहीत. ते बाबांपेक्षा दोन वर्षांनी लहान. हे दोन्ही घरांना मान्य होतं आणि म्हणून ते बाबांना सोमाभाऊ म्हणत. पंगतीत आधी बाबांना बसवत, कोणाच्या सोयरिकीत आधी बाबांना बोलू देत. बाबा वनखात्यातून निवृत्त झाल्यावर गावात त्यांच्याकडे जे काही उरलं होतं, त्यात हे दोन वर्षांचं मोठेपण फार मोलाचं होतं.

ग्रामपंचायतीत कार्डांचं शिबिर लागलं. मी कॉलेजातून रजा घेऊन गेलो. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. यंत्रावर बोट ठेवताच त्यांचा थंब पहिल्या फटक्यात आला, आणि रांगेत सगळ्यांचे थंब अडत असल्यामुळे बाबांनी मागे वळून बघितलं. मग ऑपरेटरने पडद्याकडे बघून सांगितलं की बाबा, तुमचं वय अडुसष्ट दाखवते, तुम्ही दोन वर्षांनी या.

त्याचं असं होतं की बाबांना शाळेत घातलं तेव्हा त्यांच्या वडिलांना तारीख सांगता आली नव्हती. पोरगा उशिरा शाळेत आला होता, अंगाने किडकिडीत होता. गुरुजींनी त्याला एकदा वरून खाली बघितलं आणि एक जुलै ही तारीख घालून पाच वर्षं कमी केली. आमच्या गावात त्या पिढीतली शिकलेली सगळी माणसं एक जुलैला जन्मलेली आहेत. त्या दिवशी गावात काय धावपळ झाली असेल याची मला नेहमी कल्पना करावीशी वाटते. पुढे तीच तारीख नोकरीत लागली, तीच पेन्शनला, तीच आधारला.

बाबांच्या मागे मुखरूकाका होते. त्यांचा थंब आला नाही, कारण धानाच्या कामात बोटांवरच्या रेषा घासून गेल्या होत्या. मग मोबाईलसमोर चेहरा धरायला लावून डोळे मिचकवायला सांगितलं. काकांनी इतक्या गंभीरपणे डोळे मिचकवले की रांगेतल्या बायकांनी पदर तोंडावर घेतले. आणि त्यांचं वय आलं बहात्तर. आधार काढताना त्यांनी ऑपरेटरला 'तुमच्या मनानं लिहा' असं सांगितलं होतं, आणि तो उदार माणूस निघाला. काकांना कार्ड मिळालं. गावातला पहिला सत्तरीपार लाभार्थी म्हणून सरपंचांनी त्यांच्याबरोबर फोटो काढला, तो गावाच्या ग्रुपवर आला, आणि आमच्या कॉलनीतही पोचला.

परत येताना काका मागून म्हणाले, "चाल बे सोमा."

त्यांनी गमतीने म्हटलं होतं. बाबा हसले नाहीत. रात्री आईने, म्हणजे अंजनाबाईंनी, मला बाजूला घेऊन सांगितलं की यांनी अर्धीच भाकर खाल्ली. छातीत दुखत होतं का, मी विचारलं. आई म्हणाली, छातीचं नाही वाटत, पण जवळपासच कुठंतरी आहे.

आता प्रश्न दवाखान्याचा राहिला नव्हता. बाबांना सत्तरी पार करून देणं ही माझी पुत्र म्हणून जबाबदारी होती. धनराजभाऊंनी मार्ग सांगितला. आधार केंद्रावर गेलो. तिथे म्हणाले, जन्माचा दाखला आणा. शाळेत गेलो. मुख्याध्यापक सज्जन होते, त्यांनी उत्साहाने मला बोनाफाईड दिलं, त्यावर गोल शिक्का मारला, सही केली, आणि त्यात लिहिलं होतं एक जुलै, तीच चुकीची तारीख. म्हणजे आतापर्यंत जे नुसतं चूक होतं ते आता साक्षांकित चूक झालं. मी ते बोनाफाईड पिशवीत खाली दडपून ठेवलं, जसं काही ते दुसऱ्या कोणी बघितलं तर बाबा कायमचे लहान राहतील.

मग जन्माची उशिरा नोंद करायचं ठरलं. त्यासाठी अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि एक साक्षीदार. साक्षीदार वयाने मोठा हवा आणि जन्माबद्दल सांगू शकणारा हवा. बाबांपेक्षा मोठी माणसं गावात दोन उरली होती. एक मंगलीबाई, त्यांना ऐकू येत नव्हतं. दुसऱ्या बुधरीबाई, त्या मुलीकडे राजुऱ्याला गेल्या होत्या आणि जाताना गावाशी भांडून गेल्या होत्या. कागदोपत्री मोठा म्हणावा असा एकच माणूस हाताशी होता.

कुंपणापलीकडे जाऊन मुखरूकाकांना विचारायला बाबा तयार नव्हते. मी गेलो. काका बैलाला चारा घालत होते. मी सगळं सांगितलं, छातीचंही सांगितलं, जे बाबांनी कोणालाच सांगू दिलं नव्हतं. काकांच्या हातातला पेंढा तसाच राहिला. ते म्हणाले, मले पयले काऊन नाई सांगतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते धुतलेलं धोतर नेसून आमच्या दारात उभे होते.

तालुक्याच्या कार्यालयात आम्ही तिघे एका टेबलासमोर उभे राहिलो. टेबलामागच्या बाबूंनी काकांचं आधार बघितलं, बहात्तर, बरोबर. बाबांचा अर्ज बघितला, दावा त्र्याहत्तर. त्यांनी चष्मा खाली घेतला.

"तुमी बहात्तरचे. हे त्र्याहत्तरचे. मंग यायच्या जन्माच्या वेळेस तुमी होते का?"

"मी कसा राहीन?" काका म्हणाले. "मी मागून झालो."

"मंग तुमाले कसं माहीत?"

"यानंच सांगतलं."

बाबू चांगले होते, चिडले नाहीत. त्यांनी फक्त कागद आमच्याकडे सरकवले आणि जन्म पाहिलेला साक्षीदार आणा म्हणाले. मी राज्यशास्त्राच्या आधारे काही बोलायला लागलो, पण मागे रांग होती. काकांना खोटं बोलता आलं नाही याचं त्यांना स्वतःलाच वाईट वाटत होतं. बाहेर येऊन ते सारखे म्हणत होते, मी 'हाव' म्हनाले पायजे होतं, मी 'हाव' म्हनाले पायजे होतं.

तेवढ्यात धनराजभाऊंचा फोन आला. रात्रभर विचार करून त्यांच्या लक्षात एक बाब आली होती. सदर इसमाचं वय पाच वर्षांनी वाढलं तर सदर इसम अठ्ठावन्नाऐवजी त्रेसष्टाव्या वर्षी निवृत्त झाला असं सिद्ध होतं. म्हणजे पाच वर्षांची नोकरी जास्तीची. कोणी तक्रार केली तर वसुली निघू शकते. कशाची वसुली, मी विचारलं. ते म्हणाले, सगळ्याची.

फोनचा आवाज मोठा होता. बाबांनी ऐकलं. ते पायरीवर बसले आणि शांतपणे म्हणाले, "त्या पाच वर्षांत मी दोन वणवे इझवले. एकदा वाघ आडवा आला. थ्या वाघानं बी मले आधार नाई मांगतलं." मग थोडं थांबून म्हणाले, "जाऊ दे राजदीप. मी अडुसष्टचाच बरा." आणि त्यांनी डावा हात धरला.

या वेळी त्यांनी गॅस म्हटलं नाही. त्यावरून मला कळलं.

काकांनी त्यांना आडवं केलं आणि स्वतःचा दुपट्टा डोक्याखाली दिला. मी एकशे आठला फोन लावला. पत्ता सांगताना मला तालुक्याचं नाव आठवेना, मागच्या पानटपरीवाल्याने माझ्या हातातून फोन घेऊन सांगितलं. रुग्णवाहिका आली. गडचिरोलीच्या दवाखान्यात इंजेक्शन दिलं, केसपेपर केला, आणि चंद्रपूरला पाठवलं. सगळ्या वाटेवर मुखरूकाका बाबांच्या पायाशी बसून होते. बाबांच्या चपला त्यांनी मांडीवर घेतल्या होत्या. मी काही करत नव्हतो. मला फक्त दिसत होतं की बाबांचा इस्त्रीचा सदरा कात्रीने कापलेला आहे आणि त्याबद्दल ते काहीच बोलत नाहीत.

चंद्रपूरच्या त्या खाजगी रुग्णालयात डॉक्टरांनी लगेच ताबा घेतला. मला एका खिडकीकडे पाठवलं. तिथे आरोग्यमित्र अशी पाटी होती आणि रंजीता नावाची एक मुलगी बसली होती. तिने विचारलं, रेशनकार्ड आहे का.

मी थकलो होतो, घाबरलो होतो, आणि या विषयावर माझा आता चांगलाच अभ्यास झालेला होता. मी तिला सांगितलं की ताई, आम्ही यात बसत नाही. आमचं कार्ड पांढरं आहे. बाबांना पेन्शन आहे. आणि सत्तरीच्या योजनेत यावं तर आधारवर वय अडुसष्ट आहे. पुरावा म्हणून मी पिशवीच्या तळातून ते बोनाफाईड काढलं, एवढ्या दिवसांत प्रथमच, आणि तिच्यासमोर ठेवलं. मागच्या रांगेतले लोक ऐकायला लागले. रुग्णालयाच्या खिडकीशी उभं राहून आपल्याला मदत मिळू शकत नाही हे इतक्या तळमळीने सिद्ध करणारा माणूस त्यांनी बघितला नसावा.

रंजीताने मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, "सर, आता राज्याच्या योजनेत पांढरं बी चालते. सगळेच रेशनकार्ड चालतात. वयाचं काही नाई."

कधीपासून, मी विचारलं. ती म्हणाली, झाला बराच काळ. दिवसभर हेच सांगत असावी, कारण पुढचं तिने लिहिता लिहिताच सांगितलं. तातडीची केस आहे म्हणून ती फोनवरून योजनेकडे आत्ताच नोंद करेल, उपचार थांबणार नाहीत. कागद दोन-तीन दिवसांत द्यायचे. उद्या स्टेंटसाठी ऑनलाईन मंजुरी मागवली जाईल, त्यांचे डॉक्टर रिपोर्ट बघतील, आणि मग दवाखाना त्यांच्याकडूनच पैसे घेईल.

मी बाजूच्या बाकावर बसलो. महिनाभर मी बाबांना म्हातारं करत फिरलो होतो. ते जसे होते तसे, त्याच वयाचे, त्याच पांढऱ्या कार्डाचे, पहिल्या दिवशी इथे आले असते तरी चाललं असतं. रश्मीला फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, बाबा कसे आहेत ते सांगा आधी.

बाबा स्थिर होते. संध्याकाळी अँजिओग्राफी झाली, एक नळी जवळजवळ बंद होती, स्टेंट दुसऱ्या दिवशी टाकायचा ठरला. रेशनकार्ड गावी, आईच्या पेटीत. मुखरूकाका उठले आणि म्हणाले, मी आनतो. शेवटची एसटी त्यांना मिळाली.

सकाळी पहिल्या गाडीने ते परत आले. आईने दिलेला डबा, बाबांचा दुसरा सदरा आणि रेशनकार्ड, सगळं त्यांनी दुपट्ट्यात बांधून आणलं होतं. कार्ड माझ्या हातात दिल्यावर त्यांनी बंडीच्या खिशातून आणखी एक वस्तू काढली. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, नवं कोरं, त्यांचं स्वतःचं आयुष्मान कार्ड.

"हे बी ठेव," ते म्हणाले. "तुमच्यानं नाई झालं तं माह्यावर टाका. याच्यात पाच लाख पडून हायेत म्हने. मले काही झालं नाई. मी काय करू त्याईचं?"

मी त्यांना समजावू लागलो की एकाच्या कार्डावर दुसऱ्याचा उपचार होत नाही, ते बेकायदेशीर आहे, थंब लागतो, फोटो लागतो. काका ऐकत होते आणि कार्ड तसंच पुढे धरून होते. शेवटी मी नियम सांगायचं थांबवलं. कार्ड मी त्यांच्या खिशात परत ठेवलं, आणि बराच वेळ माझा हात त्या खिशावरच राहिला.

रंजीताने कागद चढवले. बाबांचा बेडवरचा फोटो हवा होता. बाबा म्हणाले दाढी वाढली आहे. ती म्हणाली, आजारी माणसाचाच फोटो पाहिजे बाबा, नवरदेवाचा नाई. फोटो झाला. आम्ही मंजुरीची वाट बघत बसलो. आली ती मंजुरी नव्हती, क्वेरी होती.

गडचिरोलीच्या केसपेपरवर वय त्र्याहत्तर लिहिलं होतं. तिथल्या सिस्टरने विचारलं आणि बाबांनी छातीत दुखत असतानाही खरं सांगितलं. आधारवर अडुसष्ट. योजनेकडच्या डॉक्टरांनी विचारलं होतं की पेशंट एकच आहे की दोन.

खुलासा लिहून द्यायचा होता. मी कोरा कागद घेतला आणि माझ्या सर्वात चांगल्या अक्षरात लिहिलं की माझे वडील अडुसष्ट वर्षांचे असून त्र्याहत्तर ही नजरचूक आहे. रंजीताने तेच बोनाफाईड मागून घेतलं, आणि पुरावा फारच मजबूत आहे म्हणाली. आता फक्त पेशंटचं स्वतःचं निवेदन हवं होतं. ती, मी आणि मुखरूकाका आत गेलो.

तिने बाबांना विचारलं, तुमचं वय किती लिहू.

बाबांनी वर छताकडे बघितलं. मॉनिटरवरची रेघ उड्या मारत जात होती. मला वाटलं ते आता त्र्याहत्तर म्हणणार, कारण त्यांनी सेवेत कधी खोटा पंचनामा लिहिला नव्हता आणि ते त्यांना फार अवघड जातं. काका पलंगाच्या लोखंडी दांड्याला धरून उभे होते. त्यांनीच घसा साफ केला.

"लिवा बाई, मी मोठा आहो याच्याहून," काका म्हणाले. "मी सांगतो न. याच्या जन्माच्या वेळेस मी होतो."

बाबांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "हाव. थो मोठा आहे. अडुसष्ट लिवा."

तासाभरात मंजुरी आली. दुपारी त्यांना आत नेलं. बाहेर काका आणि मी एकाच बाकावर बसलो. काका माझ्याशी धानाबद्दल, रानडुकरांबद्दल आणि यंदाच्या मावा रोगाबद्दल बोलत राहिले, आणि मी प्रत्येक गोष्टीला हो म्हणत राहिलो. डॉक्टर बाहेर आले आणि नळी उघडली म्हणाले. काकांनी विचारलं, पाईप बसला का. डॉक्टर म्हणाले बसला. तेव्हा काका उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि दुपट्ट्याने बराच वेळ नाक पुसत राहिले.

सुटी मिळाली त्या दिवशी धनराजभाऊ येऊन गेले. सदर प्रकरण यशस्वी झाल्याबद्दल त्यांनी स्वतःचं अभिनंदन करून घेतलं. रंजीताने बाबांच्या हातात घरी जाण्याचं बसभाडं ठेवलं. तेही योजनेतच असतं. मी बाहेर गाडी ठरवून आलो होतो, पण बाबा ऐकेनात. सरकारने एसटीचं भाडं दिलं आहे, तर एसटीनेच जायचं, त्या पैशाने दुसरी गाडी करणं म्हणजे अफरातफर झाली. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बसायला जागा मिळणार असेल तर जा.

जागा एकच मिळाली, ज्येष्ठ नागरिकांसाठी राखीव असलेली. बाबांनी तिच्यावर हात ठेवला आणि काकांना म्हणाले, "बस मुखरूभाऊ. तू मोठा आहेस." काका म्हणाले, तू बस, तुले पाईप टाकला आहे. बाबा म्हणाले, मी अडुसष्टचा, मले काय धाड भरली. काका म्हणाले, कागदावरचा अडुसष्ट, खरा तं तूच मोठा. आयुष्यभर जे मोठेपण बाबांनी जपलं ते आता दोघेही एकमेकांच्या अंगावर ढकलत होते, आणि बस सुटत नव्हती.

शेवटी मी आवाज चढवला आणि बाबांना खांदे धरून बसवलं. पुढच्या सीटवरचा एक माणूस उठला, तिथे काकांना बसवलं. मी दांड्याला धरून उभा राहिलो. महिनाभरात प्रथमच मला कुठे जायचं नव्हतं, कोणाला भेटायचं नव्हतं आणि काही सिद्ध करायचं नव्हतं.

कंडक्टर बाई तिकिटं देत आल्या. त्यांनी मला नखशिखान्त बघितलं, मग खिडकीशी बसलेल्या कॉलेजच्या मुलीला म्हणाल्या, "ऊठ न बाई. आजोबाले बसू दे."

मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. आधारवर, दाखल्यावर आणि खरोखरसुद्धा. ते सगळं मी तिथल्या तिथे पुराव्यानिशी दाखवू शकलो असतो. मुलगी उठली होती. मी बसलो.